बार उघडताना कुणी विचारलं होतं का?

बार उघडला तेव्हा गावाला कुणी विचारलं? एक दिवस शटर वर गेलं, झालं! बंद करायचा म्हटला की मात्र सगळे नियम आमच्याच डोक्यावर. आधी २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या आणा. मग पडताळणी. माझ्या चुलतसासूबाईंचा अंगठा नीट उमटला नाही म्हणून परत बोलावलं. खुरपणी सोडून, रोज बुडवून आल्या बिचाऱ्या, बोटाला माती तशीच.

मग मतदान. तिथे नुसतं जास्त मतं पडून भागत नाही, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत! (मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे बार बंद, उभी म्हणजे चालू.) लग्न होऊन गेलेल्या लेकी यादीत, ऊसतोडीला गेलेल्या यादीत. न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या खात्यात? हा कुठला हिशेब?

सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं, तर बार वाचवायला रस्त्यांचे दर्जे बदलून हायवेला कागदावर साधा रस्ता करायची धावपळ झाली. एवढी चपळाई तेव्हा कुठून येते? आमच्या आजेसासूबाईंचं नाव यादीतून काढा म्हणून अर्ज दिलाय. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. नाव अजून तिथेच आहे.