‘सोळा वर्षांतून एकदा’ : एका खेर्डीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

खेर्डीकर, नमस्कार.

कुटुंबासाठी घर घ्यायचं तर चिपळूणला लागून असलेल्या खेर्डी आणि कापसाळ या दोन गावांपैकी मी कापसाळ निवडेन, असं मागच्या लेखात लिहिलं होतं आणि पहिलं कारण पुराचं दिलं होतं. त्यावर तुमची मोठी प्रतिक्रिया आली. ती मी जशीच्या तशी ठेवली आहे, एक अक्षर काढलेलं नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. खेर्डीत बाजार, दवाखाने, कराड रस्ता, एमआयडीसीतली नोकरी सगळं हाताशी आहे. कापसाळला उन्हाळ्यात पाण्याची बोंब, पोरांना हायवे ओलांडावा लागतो आणि डोंगर कधी खाली येईल त्याचा नेम नाही. वाशिष्ठी नदीतला गाळ काढल्यापासून पुराचा विषय संपला. आणि मग हे वाक्य : ‘सोळा वर्षांतून एकदा येणाऱ्या पाण्याची भीती घालून लेखक महाशय कोणत्या बिल्डरचा धंदा चालवतायत?’ त्यापुढे तीन हसणारे चेहरे.

मतभेदाचं मला वाईट वाटत नाही. घर हा विषयच असा आहे की ज्याने जिथे पैसे घातले तिथलं तो चांगलंच सांगणार, आणि सांगावं. पण 22 जुलै 2021 च्या पुरात या चिपळुणात माणसं गेली. इस्पितळात गेली, घरात गेली. छपरावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी होडीची वाट बघत दिवस काढला. त्या पाण्याबद्दल लिहिताना कुणाला हसू येत असेल तर त्या माणसाशी मी वाद काय घालायचा, हा प्रश्न मला दोन दिवस पडला होता. शेवटी उत्तर लिहायला बसलो ते तुमच्यासाठी कमी आणि घर बघत फिरणाऱ्या बाकीच्या वाचकांसाठी जास्त.

आधी बिल्डरचं. कापसाळच्याच काय, कुठल्याही बिल्डरचा एक रुपया माझ्याकडे आलेला नाही. या ब्लॉगवर आजवर एकही जाहिरात घेतलेली नाही. माझी धाकटी बहीण खेर्डीत दिलेली आहे, भाचे तिथेच वाढले, दर गणपतीत मी त्यांच्याकडे जेवतो. मी खेर्डीचा द्वेष करतो असं लिहिण्याआधी एकदा विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत, थेट आरोप केलात आणि तोही नाव न लावता. मी माझ्या नावाने लिहितो. चिपळूणच्या बाजारात मला लोक ओळखतात, थांबवून भांडतातही. तुम्हालाही ती वाट मोकळी होती.

आता त्या सोळा वर्षांकडे येऊ, कारण तुमची सगळी प्रतिक्रिया त्या एका आकड्यावर उभी आहे. 26 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021 चे दोन मोठे पूर, मधे सोळा वर्षं. म्हणून तुम्ही हिशोब केलात की पुढचं पाणी 2037 मध्ये, तोवर घराचे हप्ते फिटलेले असतील. पाणी पंचांग बघून येत नाही हो. दोन पुरांमधलं अंतर म्हणजे पुढच्या पुराची तारीख नव्हे. ते पाणी पुढच्या जुलैत येऊ शकतं, आणि त्याच्या पुढच्या जुलैत पुन्हा येऊ शकतं.

पाटबंधारे खातं नदीच्या काठाने निळी आणि लाल अशा दोन रेषा आखतं. 25 वर्षांतून एकदा येईल एवढा मोठा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा आणि 100 वर्षांच्या पुराची ती लाल. चिपळुणात या रेषांवरून किती रान उठलं ते तुम्हाला माहीत आहे, कारण निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला बंदी येते आणि लोकांच्या वडिलोपार्जित जागा अडकतात. तो राग मला समजतो, माझ्या वडिलांची जागा त्याच भानगडीत आहे. पण घर घेणाऱ्याने रेषेचा अर्थ नीट समजून घ्यावा. 25 वर्षांतून एकदा याचा अर्थ दर पावसाळ्याला शंभरात चार. आता 20 वर्षांचं गृहकर्ज धरा. वीसही पावसाळे कोरडे जायचे तर 0.96 ला वीस वेळा गुणायचं, उत्तर येतं सुमारे 44 टक्के. म्हणजे कर्ज फिटायच्या आत निदान एकदा पाणी घरात येण्याची शक्यता 56 टक्के. हे बरोबर निळ्या रेषेवरच्या घराचं झालं, नदीकडच्या घराचं याहून वाईट. लाल रेषेवरच्या घरालाही त्याच 20 वर्षांत 18 टक्के येतात. कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये असतो, करून बघा. हे गणित भीती घालायला मांडलेलं नाही. आयुष्यभराची कमाई एका जागेत घालणाऱ्या माणसाला ते कुणीतरी मांडून दाखवायला हवं, आणि जागा विकणारा ते दाखवत नाही.

वाशिष्ठी इतर नद्यांसारखी नुसत्या पावसावर वाहत नाही. कोयनेचं पाणी पोफळी, अलोरे, कोळकेवाडी अशा वीजघरांतून खाली उतरतं आणि अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, होऊन तिच्यात येतं. कृष्णेच्या खोऱ्यातलं वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असं सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवायची मुभा आहे. मे महिन्यातही आपली नदी वाहती दिसते ती त्याचमुळे. खालच्या अंगाला दाभोळची खाडी. भरतीचं पाणी गोवळकोटपर्यंत चढतं आणि उधाणाच्या वेळी वरून येणारा लोंढा तुंबतो. 2021 ला अवजलाचा वाटा किती, ढगांचा किती, गाळाचा किती, यावर लोक आजही हमरीतुमरीवर येतात, त्यात मी पडत नाही. घर घेणाऱ्याला एवढंच कळायला हवं की वरून पाऊस आणि अवजल, खालून भरती, अशा कात्रीत आपली नदी आहे. खेर्डीचा सखल भाग त्या नदीच्या काठावर आहे. 2021 च्या पुरात खेर्डीच्या बाजारात पाणी होतं, एमआयडीसीत होतं. हे मी सांगायला हवं का तुम्हाला?

‘लेखकाने पूर फक्त मोबाइलवर पाहिला असावा,’ असंही तुम्ही लिहिलंय. आमचं घर चिपळूणच्या बाजारपेठेच्या मागच्या बाजूला होतं. 2005 ला पाणी आत आलं आणि 2021 लाही आलं. दुसऱ्या वेळी ते पुढच्या दाराने आलंच नाही. आम्ही पुढे पोती लावत बसलो आणि न्हाणीघराच्या मोरीतून गुडगुड आवाज यायला लागला, पाणी खालून वर. वडिलांनी आधी काय उचललं असेल? दागिने नाही, सातबारा आणि खरेदीखताची पिशवी. ती त्यांनी डोक्यावर धरली तरी भिजलीच. नंतर ओसरीत दोरी बांधून एकेक कागद चिमट्यांनी लावला होता. स्टॅम्पपेपरची शाई पसरून मागच्या पानावर उमटली होती. पाणी उतरल्यावर राहतो तो गाळ म्हणजे नुसता चिखल नसतो. त्यात डिझेल असतं, गटार असतं, दुकानांतलं कुजलेलं धान्य असतं. फावड्याने ओढला तरी लादीच्या सांध्यात बसतो, आणि स्विचबोर्ड उघडला की प्रत्येक खटक्याच्या आत तोच करडा थर वाळलेला. लोखंडी कपाट बाहेरून धड दिसत होतं, दार मात्र फुगून बसलं होतं. पहारीने उघडलं तेव्हा आईच्या लग्नाच्या शालूवर बुरशी आली होती. विमा होता. ज्या कंपनीचा होता तिचा माणूस पंचनाम्याला आला तोवर आम्ही घर धुतलं होतं, तर म्हणाला, नुकसान दिसत नाही. गाळात लेकरांना घेऊन त्याची वाट बघायला हवी होती म्हणे.

तेव्हा पूर पाहिलाय का, हे मला विचारू नका.

तुमचा पुढचा मुद्दा, ‘आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, आमचं काय जातंय?’ हा प्रामाणिकपणे विचारला असावा असं धरतो, कारण फ्लॅट घेणारे बहुतेक लोक असाच विचार करतात. इमारतीच्या खाली पार्किंग असतं. त्याच पार्किंगमध्ये वीजमीटरचा बोर्ड असतो, पाण्याचा पंप असतो, लिफ्टचा खड्डा असतो, आणि जमिनीखालची टाकी असते, जिच्यात पुराचं पाणी भरलं की उपसून, खरवडून, धुऊन काढेपर्यंत तोंडात घालायला थेंब नाही. मीटर बुडाले की वरच्या सगळ्या मजल्यांवर अंधार, आणि मीटर बदलून मिळायला कुणाच्या नंबराची वाट बघावी लागते ते 2021 ला सगळ्यांनी पाहिलं. बहिणीच्या घरात पाण्याचा थेंब आला नाही, तरी पाणी ओसरल्यावर ती पोरांना घेऊन आमच्या चुलत्यांकडे सावर्ड्याला जाऊन राहिली. गाड्या, स्कूटर, पोरांच्या सायकली गेल्या त्या वेगळ्या. इमारतीला महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर आहे हेही तुम्ही अभिमानाने लिहिलंय. तो नंबर प्रकल्पाच्या कागदांसाठी असतो, पाणी अडवायला नसतो. आणि 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेतल्या किंवा आठ फ्लॅटपर्यंतच्या इमारतीला तो घ्यावाच लागत नाही. आपल्याकडच्या कितीतरी इमारती तेवढ्याच आहेत.

गाळ काढला, हे खरं आहे. चिपळूण बचाव समिती उपोषणाला बसली, गाव एक झालं, तेव्हा कुठे यंत्रं नदीत उतरली. त्या लोकांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण डोंगरावरून दर पावसाळ्यात माती येतेच. गाळ एकदा काढून भागत नाही, दरवर्षी काढावा लागतो, आणि दरवर्षी निधी येईल यावर कुणी घर घेऊ नये.

एक गोष्ट मात्र तुमची मान्य करतो. कापसाळहून शाळेला जाणाऱ्या पोरांना हायवे ओलांडावा लागतो आणि चौपदरीकरणानंतर गाड्यांचा वेग अंगावर येतो. मूळ लेखात मी त्यावर एकच ओळ लिहिली, अजून लिहायला हवं होतं असं वाटणं रास्त आहे. रात्री नऊला औषध किंवा दूध लागलं तर खेर्डीत चालत जाऊन मिळतं, तेही खरं.

बाकीच्या मुद्द्यांवर वेळ घालवत नाही. उन्हाळ्यातलं पाणी प्रत्येक वाडीचं वेगळं असतं, ज्याला घ्यायचंय त्याने एप्रिल-मेमध्ये जाऊन शेजाऱ्यांना विचारावं. दर आणि पुनर्विक्री यावर मी मत देत नाही. डोंगर खाली येण्याचं म्हणाल तर त्याच 22 जुलैला खेड तालुक्यात पोसऱ्याला दरड कोसळून काय झालं ते मला चांगलं ठाऊक आहे. उतार कापून उभ्या केलेल्या इमारतीत घर घेऊ नका, हे मी कापसाळबद्दल लिहितानाच लिहिलं होतं. तुम्ही तिथवर वाचलं नसावं.

आणि ‘सगळी खेर्डी बुडते असं लिहून आम्हाला बदनाम केलं’ हे वाक्य मला लेखात सापडलं नाही, कारण ते मी लिहिलेलंच नाही. मी ‘खेर्डीचा नदीकडचा सखल भाग’ असं लिहिलं होतं, दोनदा. कराड रस्त्याच्या वरच्या अंगाला, रेषेबाहेर, चांगली जागा मिळत असेल तर माझी हरकत नाही, बहिणीलाही मी तेच सुचवलं आहे.

तुमची इमारत रेषेच्या बाहेर आहे असं तुम्ही छातीठोकपणे म्हणता. मग गट नंबर लिहा. नाव लिहू नका, टोपणनाव राहू दे. मी पाटबंधारेच्या कार्यालयात जाऊन नकाशावर तो गट बघेन आणि जे दिसेल ते याच पानावर लिहीन, तुमच्या बाजूचं निघालं तरी लिहीन.