मुंबई बघायची तर पाणी धरून चाला

मे महिना लागला की गावाकडून पाहुणे येतात आणि त्यांची यादी ठरलेली असते. गेटवे, ताजसमोर फोटो, सीएसएमटी, राणीची बाग, संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर भेळ. त्यात वाईट काही नाही. पण गंमत बघा. पंचम जॉर्ज मुंबईला उतरला १९११ साली, तेव्हा गेटवेची पायाभरणीसुद्धा झालेली नव्हती. कमान पुरी झाली १९२४ ला. म्हणजे पाहुणा जेवून, हात धुवून गेल्यावर तेरा वर्षांनी बांधून झालेलं स्वागताचं दार आपण शहराची ओळख म्हणून दाखवतो. आणि चारी बाजूंनी खारं पाणी असलेल्या या बेटांवर माणसं प्यायली काय, हे मात्र दाखवायचं आपल्याला सुचत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ऐतिहासिक मुंबई बघायची असेल तर पाण्याचा माग काढत फिरा. कुणाच्या नावाने काय उभारलं यापेक्षा जास्त कळतं.

सुरुवात कान्हेरीपासून. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आपण जातो ते धबधब्याखाली भिजायला आणि मक्याचं कणीस खायला. शंभराहून जास्त लेणी आहेत तिथे. तीन नंबरच्या चैत्यगृहातल्या मोठ्या बुद्धमूर्तींपाशी गर्दी असते, फोटो निघतात, आणि बहुतेक मंडळी तिथूनच मागे फिरतात. तसं करू नका. वर चढा. एखाद्या साध्या, कोरीवकाम नसलेल्या विहाराच्या अंगणात शिरा आणि कडेला जमिनीकडे बघा. खडकात एक चौकोनी तोंड दिसेल. वाकून आत डोकावलात तर खाली गारवा आणि काळंशार पाणी. हे त्या विहाराचं टाकं. पुष्कळ ठिकाणी उतारावरच्या खडकात बारीक पन्हळी कोरल्यात, पावसाचं पाणी वाहून न जाता नेमकं टाक्यात उतरावं म्हणून. एका पन्हळीत मी बोट घालून बघितलं, कडा अजून हाताला लागते. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हणतात. कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी लेण्याबरोबर पाण्याची पोढीही दान दिल्याचे लेख आहेत. नुसतं लेणं देऊन भागत नाही, भिक्षूंना उन्हाळ्यातही तिथे राहायचं आहे, हे देणाऱ्याला कळत होतं. आपल्याकडे आजही टॉवर आधी उभा राहतो आणि पाण्याच्या लाइनीचं मग बघू, असं चालतं. असो.

तिथून थेट दुसऱ्या टोकाला, वाळकेश्वरला बाणगंगा. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी कुंडाला गोड्या पाण्याचा झरा. रामाने बाण मारून पाणी काढलं ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. १७१५ साली रामा कामत नावाच्या धनिक सारस्वत गृहस्थाने देऊळ आणि कुंड नव्याने बांधून काढलं, हे फारसं कुणी सांगत नाही. भल्या सकाळी जा. पायऱ्यांवर गुरुजी कुणाचंतरी श्राद्ध सांगत असतात, पाण्यात बदकं, वर कुणाच्या तरी गॅलरीत वाळत घातलेल्या चादरी. ही जिवंत जागा आहे, म्हणूनच तिला जपणं जास्त कठीण. २०२४ च्या जूनमध्ये गाळ काढण्यासाठी खोदकामाचं यंत्र सरळ पायऱ्यांवरून उतरवलं गेलं आणि पायऱ्या फुटल्या. दुरुस्तीच्या नावाखाली नुकसान करण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

फोर्टात आलात की चर्चगेटजवळ क्रॉस मैदानाच्या कोपऱ्याशी भिखा बेहरामची विहीर आहे, १७२५ सालची. भरूचहून आलेल्या एका पारशी गृहस्थाने खणली. पारशी नसलेल्याला आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायचं. लोकलकडे धावणारी हजारो माणसं रोज तिच्या बाजूने जातात. पुढे चालत गेलात की फ्लोरा फाउंटन, १८६४ चं. मुळात हे कारंजं भायखळ्याच्या बागेत, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत बसणार होतं. कोटाच्या भिंती पाडल्या आणि जिथे चर्चगेटचा दरवाजा होता तिथे ते आलं. आता शेजारी हुतात्मा स्मारक आहे, आणि माझ्या मते तिथे आधी स्मारकापुढे उभं राहावं, कारंज्याकडे मग वळावं. तेवढा पक्षपात चालायचाच.

पण या भागातलं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण जीपीओच्या बाजूला, मिंट रोडवर आहे. रतनसी मुलजी जेठा यांनी मुलाच्या स्मरणार्थ १८९४ मध्ये बांधलेलं कारंजं. आराखडा सीएसएमटीवाल्या स्टीव्हन्सचाच. वर मुलाचा पुतळा, खाली प्राण्यांची तोंडं. अशा कारंज्यांनी आणि पाणपोयांनी या शहरातल्या हमालांची, गाडीवानांची तहान भागवली. पाणपोईची रचना नीट बघा. माणसांना नळ, खाली बैलाघोड्यांसाठी कुंडी. व्यापाऱ्याच्या घरात कुणी गेलं की त्याच्या नावाने रस्त्यावर पाणी. काही पाणपोया अलीकडे नीट दुरुस्त झाल्या, त्याबद्दल करणाऱ्यांना मनापासून शाबासकी. बाकीच्यांच्या कुंडीत चहाचे कप आणि गुटख्याच्या पुड्या. एका पाणपोईच्या कोरीव दगडावर मी न्हाणीघरातल्या फरशा चिकटवलेल्या बघितल्यात. नक्षी झाकून वर गुळगुळीत पांढऱ्या फरशा!

तलावांचं तर विचारूच नका. धोबी तलाव, सी. पी. टँक, गवालिया टँक, बसच्या पाट्यांवर सगळे आहेत, जागेवर एकही नाही. १८६० ला विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं आणि तलावांची गरज संपत गेली, मग ते बुजले. ज्या गवालिया टँक मैदानात ८ ऑगस्ट १९४२ ला ‘चले जाव’चा ठराव झाला, तिथे आधी गवळी गुरं धुवायला आणत. विहिरींवर गदा आली ती डासांमुळे. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापावर अहवाल दिला आणि खापर घरोघरच्या विहिरींवर फुटलं. बुजवायला हिंदू आणि पारशी दोघांचाही विरोध, शेवटी अनेक विहिरी झाकणं ठोकून वाचल्या. गिरगाव-काळबादेवीच्या वाड्यांमध्ये त्यातल्या काही आजही आहेत. विहिरीपाशी भक्तीने दिवा लागतो आणि मागच्या दाराने टँकरही भरतात.

मुलं बरोबर असतील तर शेवट मलबार हिलवर करा. म्हातारीचा बूट झाला की समोरच्या हँगिंग गार्डनमध्ये गवतावर उभं करून सांगा, तुमच्या पायाखाली शहराला पाणी देणारी टाकी आहे, ही बाग म्हणजे तिचं झाकण. माझगावचं जोसेफ बाप्टिस्टा उद्यानही असंच टाकीवर वसलंय, आणि ते तर पूर्वीच्या किल्ल्याच्या टेकडीवर. माझ्या भाचरांना गेटवेपेक्षा ही माहिती जास्त भारी वाटली. त्यातल्या एकाने तर जमिनीला कान लावला.

हे सगळं एका दिवसात उरकायला जाऊ नका, मुंबईच्या उन्हात आणि ट्रॅफिकमध्ये ते जमणार नाही. कान्हेरीला एक पूर्ण सकाळ द्या, पाणी घरून न्या, आणि सोमवारी उद्यान बंद असतं. फोर्टातलं चालणं रविवारी सकाळी, ऑफिसं बंद असताना. तुमच्या वाडीत, चाळीत, गल्लीत जुनी विहीर किंवा पाणपोई असेल तर फोटो कमेंटमध्ये टाका. फरशा चिकटवलेली असेल तरीही.