आवडता चित्रकार कसा नेमावा

आवडता गायक सांगितला की चार ओळी गुणगुणून दाखवाव्या लागतात. आवडता फलंदाज सांगितला तर समोरचा सरासरी विचारतो. आवडता चित्रकार हे पद मात्र असं आहे, की नाव घेतल्यावर पुढे कुणी काही विचारत नाही. उलट विचारणाराच गप्प होतो, आपल्यावर प्रतिप्रश्न येईल म्हणून. सुसंस्कृत दिसायचा याहून स्वस्त उपाय नाही. फक्त नेमणूक जपून करावी. चित्रं पाहून तर अजिबात करू नये. त्यात वेळ जातो, आणि एखादं चित्र खरोखरच आवडून बसलं तर पंचाईत होते.

नवशिक्यांनी व्हॅन गॉगपासून सुरुवात करावी. नुसतं ‘व्हिन्सेंट’ म्हणावं, म्हणजे शाळेत एका बाकावर बसल्यासारखं वाटतं. मात्र ‘हयातीत बिचाऱ्याचं एकच चित्र विकलं गेलं’ हे वाक्य टाकण्याआधी समोर कोण बसलंय ते बघा. लाल द्राक्षमळ्याचं ते चित्र १८९० साली ४०० फ्रँकला घेणारी ॲना बॉक स्वतः चित्रकार होती, आणि त्याच्या आठ वर्षं आधी व्हिन्सेंटच्या काकाने हेग शहराच्या रेखाचित्रांची रोख ऑर्डर दिली होती, हे माहीत असलेला एखादा खडूस दर मैफिलीत असतोच. कानाचंही तेच. पट्टी बांधलेल्या आत्मचित्रात पट्टी उजव्या कानावर दिसते. त्याने स्वतःचा कापला होता तो डावा. आरशात बघून काढलंय ना! हे तुम्ही आधी बोललात तर तुम्ही रसिक. दुसरा बोलला तर तुम्ही नुसते पोस्टरवाले.

घरात वडीलधारी मंडळी असतील तर रविवर्मा बरा. इथे खड्डा एकच आहे, पण खोल आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड: ही बाई कुठेही दिसली की ‘वा, रविवर्मा!’ म्हणायची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती पाळलीत की कोपऱ्यातून सावंतवाडीचा कुणीतरी उठतोच. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं ते चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. रविवर्मा १९०६ सालीच गेले. चित्र त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी झालं. शिवाय ते तैलरंगात नाही, जलरंगात आहे. अवघड काम ते हेच. तैलरंगात उजेड शेवटी वरून लावता येतो. जलरंगात तो कागदावर आधीपासून राखून ठेवावा लागतो. बोटांच्या कडेला रंगाचा एक हात जास्तीचा गेला की दिवा विझला म्हणून समजा. पण हे सगळं कळण्यासाठी चित्रासमोर उभं राहावं लागतं, आणि आपला मुद्दा ते टाळण्याचा आहे.

घरातली जुनी सरस्वती ‘ओरिजिनल ओलिओग्राफ’, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी जुनी छापील प्रत, म्हणून दाखवणार असाल तर पाहुण्याच्या हाती भिंग लागू देऊ नका. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडावरून छपाई व्हायची, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. भिंगाखाली त्या छपाईचे ठिपके वेडेवाकडे, हाताने टाकल्यासारखे दिसतात. ऑफसेटवर छापलेल्या आजच्या पोस्टरचे ठिपके मात्र सारख्या अंतरावर, छोट्या फुलांसारखे गोल बसलेले असतात. फुलं दिसली की आजोबांनी जपून ठेवल्याची कथा तिथेच आवरती घ्यावी.

एम. एफ. हुसेन नेमू नये. नाव घेतलं की चर्चा चित्राची राहत नाही आणि जेवण थंड होतं.

ज्यांना एकदम वरच्या वर्गात बसायचंय त्यांच्यासाठी वासुदेव गायतोंडे. नाव घेऊन किंचित थांबावं, आणि खिडकीबाहेर बघावं. सोय अशी, की बऱ्याच चित्रांना नावच नाही, त्यामुळे पाठांतर नाही. पण दोन चुका माणसाला पार उघडं पाडतात. पहिली, ‘ॲब्स्ट्रॅक्ट’, म्हणजे अमूर्त, हा शब्द. गायतोंडे स्वतःच्या कामाला ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. अमूर्तात निदान सुरुवातीला एखादी वस्तू असू शकते, मग ती गाळत जायची. इथे मुळातच वस्तू नाही. म्हणजे ‘मला यात समुद्र दिसतो’ हेही गेलं. डोंगर, धुकं, आत्मा, यांपैकी काहीही दिसलं तरी मनात ठेवा.

दुसरी चूक, ‘असं तर आमचा बंड्याही काढेल.’ हे म्हणण्याआधी बंड्याला एकदा बसवाच. दोन बाय तीन फुटांचा कॅनव्हास, तैलरंग, टर्पेंटाइन, चार इंची रोलर, पॅलेट नाइफ आणि वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे, एवढं सामान. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ करून रोलरने द्यायचा. आता थांबायचं. टर्पेंटाइन काही तासांत उडून जातं, पण रंगातलं जवसाचं तेल उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्याला दिवस लागतात, पावसाळ्यात आणखी जास्त. बंड्या थांबत नाही. ओल्या निळ्यावर तो नारिंगी फिरवतो आणि हाती चिखल येतो. बरं, बंड्या शहाणा निघाला, थांबला; पण खालचा थर तेलकट आणि वरचा पातळ दिला, तर वरचा आधी वाळतो, खालचा नंतर हलतो, आणि काही महिन्यांत चित्राला भेगा. कागदाचे तुकडे दाबून रंग उचलायचा तर वेळ साधावी लागते: लवकर उचललात तर कॅनव्हास उघडा पडतो, उशिरा उचललात तर कागदच चिकटून बसतो. गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. बंड्याची शनिवारी दुपारी सहा होतात.

आणि भाव बोलू नका. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३.७ कोटींना गेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गायतोंडे लहानपणापासून आवडणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली. हा आकडा ज्यांना पाठ आहे, त्यांना ते चित्र कोणत्या रंगाचं होतं एवढंच विचारावं. मग ते चहा आला का बघायला उठतात.

नेमणूक झाली की भिंतीवर पुरावा लागतो. हल्ली ऑस्ट्रियाच्या क्लिम्ट या चित्रकाराच्या ‘चुंबना’ची छपाई दिवाणखान्यात फार चालते. मूळ चित्र व्हिएन्नात आहे, १८० सेंटिमीटर लांब आणि तेवढंच रुंद, म्हणजे चक्क चौरस. दुकानदार तुम्हाला उभं कापलेलं देतो आणि तुम्ही आनंदाने घेता, कारण सोफ्यामागची जागा उभीच आहे. मूळ चित्रात सोन्याचा वर्ख आहे. तुमच्याकडे पिवळी शाई. हरकत नाही, उशांच्या अभ्र्यांशी जुळल्याशी मतलब. टांगताना मात्र छताला भिडवू नका. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर आला की ते डोळ्यांसमोर येतं. भिंत ओल धरणारी असेल तर फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे हवा खेळते. काचेखाली माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, न घालता कागद थेट काचेला टेकवलात, तर पहिल्याच पावसाळ्यात तो काचेला चिकटेल. पाठोपाठ बुरशी येईल आणि शेवटी कसर. त्या घरातला कलेचा खरा आस्वाद कसरच घेते.

अधूनमधून मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत दिसायला हवं. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे रुची वाढवायला हरकत नाही. चित्रापासून चार पावलं मागे, हात पाठीशी, मान किंचित डावीकडे. आधी पाटी वाचा, मग चित्राकडे बघा. उलट केलंत तर मत बनण्याचा धोका असतो. लाल टिकली लागलेली चित्रं विकली गेलेली असतात. तीच जास्त आवडली म्हणावं, घ्यावी लागत नाहीत. काहीच सुचलं नाही तर तिथलं समोवार हे उपाहारगृह बंद झालं म्हणून हळहळा. ते २०१५ सालीच बंद झालंय, पण हा विषय शिळा होत नाही.

शेवटची खबरदारी स्वयंपाकघरातली. फ्रिजच्या बाजूला एक जुनी लक्ष्मी असेल, आजीने कॅलेंडरवरच्या तारखा कापून काचेत बसवलेली, गोव्याच्या रघुवीर मुळगावकरांची. गालावरून गळ्यापर्यंत सावली कुठे सुरू होते ते कळत नाही, कारण तो रंग ब्रशने लावलेला नाही, एअरब्रशने फवारलेला आहे. कोपऱ्यातली सही आणि नाकातल्या नथीचे मोती डोळे मिटून सांगता येतील इतक्या वर्षांची ती ओळखीची. कणीक मळताना तिच्याकडे बघत उभं राहायची तुम्हाला सवय आहे. पाहुण्यांची बेल वाजली की तिला पीठाच्या डब्यामागे सरकवा. जेवणं उरकल्यावर लावा परत. फक्त उचलताना जपून, मागचा पुठ्ठा सुटलाय.