‘कामगार निष्काळजी होता’ एवढ्यावर चौकशी संपत नाही

कारखान्यांत, वीज केंद्रांत, सबस्टेशनांत काम करणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच राहतो. दहापैकी नऊ अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे होतात. स्विच बंद करून काम केलं तर विजेची भीती नाही. परमिट (कामाची लेखी परवानगी), कुलपं, टॅग हे सगळं कागदी काम, अनुभवी माणसाला त्याची गरज नाही. हेल्मेट, हातमोजे, बूट घातले की जीव सुरक्षित. आणि जिथे वर्षानुवर्षं कुणाला खरचटलंही नाही, तिथे सगळं ठीक चाललंय. लोक हे चांगल्या मनानेच पुढे पाठवतात. पण यातली काही विधानं अर्धवट आहेत आणि काही सरळ जिवावर बेतणारी आहेत, म्हणून एकेक घेऊन उत्तर देतो.

‘दहापैकी नऊ’ हा आकडा कुठून आला ते आधी पाहू. 1931 साली हर्बर्ट हाइनरिक या अमेरिकी विमा कंपनीतल्या माणसाने सुमारे 75,000 अपघातांच्या नोंदींवरून हिशेब मांडला: 88 टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्यामुळे, 10 टक्के असुरक्षित परिस्थितीमुळे आणि 2 टक्के टाळता न येणारे. या नोंदी विम्याच्या दाव्यांच्या फायलींतून आणि कारखान्यांच्या मालकांकडून आलेल्या होत्या. म्हणजे कारण कोणतं ते बहुतेक वेळा वरिष्ठांनीच लिहिलेलं. शिवाय प्रत्येक अपघात एकाच खान्यात टाकायचा, ही पद्धत मुळातच लंगडी आहे.

कन्व्हेअरच्या पुलीत एखाद्याचा हात गेला असं समजा. त्याने चालू पट्ट्यावर हात घातला, हे खरं. पण गार्ड (यंत्राच्या फिरत्या भागावरचं संरक्षक आवरण) काढलेलं होतं, कारण ते काढायला-बसवायला अर्धा तास जातो आणि चिकटलेला माल प्रत्येक शिफ्टला खरवडावा लागतो. गार्ड नसताना पट्टा चालूच होणार नाही असा इंटरलॉक बसवलेलाच नव्हता. आणीबाणीत पट्टा थांबवायची दोरी सैल पडलेली होती. पट्टा थांबवला की उत्पादन का थांबलं म्हणून विचारणा होत होती. यातलं कोणतं कारण 88 टक्क्यांत टाकायचं? तोच माणूस काल त्याच पद्धतीने साफसफाई करत होता, सुपरवायझर बघत होता, तेव्हा त्याला कुणी निष्काळजी म्हटलं नाही. काम पटापट उरकतो म्हणून त्याचं कौतुकच झालं असेल.

अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या तेल रिफायनरीत 23 मार्च 2005 रोजी स्फोट झाला. 15 माणसं मेली, 180 जखमी झाली. कंपनीने सुरुवातीला बोट ऑपरेटर आणि सुपरवायझरांकडे दाखवलं. एक टॉवर गरजेपेक्षा कितीतरी जास्त भरला गेला होता, तेव्हा ऑपरेटरचं लक्ष नव्हतं असं कुणालाही वाटेल. पण त्याच्या पडद्यावर काय दिसत होतं? पातळी अडीच मीटरच्या आसपास, आणि हळूहळू उतरत असलेली. प्रत्यक्षात टॉवरमध्ये सुमारे 48 मीटर द्रव चढला होता. ते उपकरण तळातल्या पहिल्या काही मीटरांपलीकडे मोजूच शकत नव्हतं, त्याचं कॅलिब्रेशन (मोजमापाची जुळणी) चुकलेलं होतं आणि वरच्या पातळीचा स्वतंत्र अलार्म वाजलाच नाही. काही ऑपरेटर तर 29 किंवा त्याहून अधिक दिवस सलग बारा-बारा तासांच्या शिफ्ट करत होते. अशा माणसाला ‘काळजी घ्या’ असं सांगून काय होणार?

माणूस चुकतो, हे मला पूर्ण मान्य आहे. कुणी दुसऱ्याने काम चालू असताना लावलेलं कुलूप तोडून फीडर (वीज पुरवणारी लाइन) चालू केला तर त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण पहाटे चार वाजता लक्ष ढळणारच, हे धरूनच यंत्रणा बांधायची असते. ‘निष्काळजी’ असा शेरा मारून फाईल बंद केली की गार्ड, दोरी, अलार्म आणि शिफ्टचं वेळापत्रक आहे तसंच राहतं आणि उद्या त्याच जागी दुसरा माणूस उभा असतो.

आता स्विच बंद करण्याबद्दल. विजेच्या कामात याच समजुतीची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न, बंद केला तो स्विच नेमका कोणता? पॅनेलवरची पाटी आणि प्रत्यक्ष केबल जुळतीलच असं नाही. वाढीव कामं होतात, फीडर बदलले जातात, पाटी जुनीच राहते. मोटर ‘स्टॉप’ बटणाने थांबली म्हणजे फक्त कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सुटला. त्याच्या वरच्या टर्मिनलवर वीज आहेच, आणि कंट्रोल रूममधून किंवा आपोआप सुरू होणारी मोटर कोणत्याही क्षणी फिरू शकते. दुसरा प्रश्न, वीज एकाच बाजूने येते का? मोटरच्या आतल्या हीटरला, कंट्रोल सर्किटला बऱ्याचदा वेगळ्या पॅनेलमधून सप्लाय असतो. जनरेटर, यूपीएस, छतावरचे सोलर इन्व्हर्टर, बस-कपलरच्या (पॅनेलचे दोन भाग जोडणाऱ्या ब्रेकरच्या) पलीकडचा दुसरा इनकमर (पॅनेलला वीज आणणारी लाइन), यांतून उलट्या दिशेने वीज येऊ शकते. तिसरा प्रश्न साठलेल्या चार्जचा. कपॅसिटर बँक (वीज साठवणाऱ्या कपॅसिटरांचा संच) सप्लायपासून तोडल्यावरही काही मिनिटं चार्ज धरून असते. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या) दारावर ‘इतकी मिनिटं थांबा’ असं छापलेलं असतं ते त्याच्या आतल्या डीसी बसमध्ये साठलेल्या चार्जमुळे. ओव्हरहेड लाइन दोन्ही टोकांना तोडली तरी शेजारून चालू लाइन जात असेल तर तिच्या इंडक्शनने बंद तारेतही माणूस मारण्याइतकं व्होल्टेज येऊ शकतं. आणि चौथा प्रश्न, तुम्ही आत हात घातलेला असताना तो स्विच पुन्हा कुणी टाकणार नाही, याची खात्री काय?

म्हणूनच जगभर विजेच्या कामाचा ठरलेला क्रम आहे: सगळ्या बाजूंनी तोडा, पुन्हा चालू होणार नाही असं कुलूप लावा, वीज नाही हे तपासा, अर्थ आणि शॉर्ट करा (तारा जमिनीला आणि एकमेकांना जोडा), शेजारचे चालू भाग झाका. यातली एकही पायरी गाळायची सोय नाही.

तपासणीचंच बघा. टेस्टर आधी खात्रीच्या चालू जागी लावून तो दाखवतोय ना हे पाहायचं. मग ज्यावर काम करायचं तिथे तिन्ही फेज एकमेकांत आणि प्रत्येक फेज अर्थशी तपासायचा. मग टेस्टर परत त्या चालू जागी न्यायचा. हा शेवटचा टप्पा लोक हमखास सोडतात. पण मधल्या काळात टेस्टरची बॅटरी संपली, लीड तुटली, फ्यूज उडाला, तर तो चालू बसबारवरही (पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्टीवरही) ‘काही नाही’ असंच दाखवेल. त्यानंतर अर्थिंग. डिस्चार्ज रॉड (तारेतला चार्ज जमिनीत सोडायची दांडी) लावताना आधी अर्थचं टोक जोडायचं, मग कंडक्टरचं. काढताना आधी कंडक्टरचं, अर्थचं सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला तर रॉडची तार हातात धरलेला माणूसच विजेचा जमिनीकडे जायचा रस्ता होतो.

यात जीव जायला किती थोडा प्रवाह लागतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. साधारण 1 मिलिअँपिअरला झिणझिण्या जाणवतात. 10 च्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. छोटा एलईडी दिवा जेवढा प्रवाह घेतो, तेवढा छातीतून काही सेकंद गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. माणसांच्या संरक्षणासाठीचे आरसीसीबी (विजेची गळती होताच सप्लाय तोडणारे स्विच) 30 मिलिअँपिअरला ट्रिप होतात ते याचसाठी.

शिवाय बंद करायची शक्ती फक्त विजेचीच नसते. ब्रेकर रॅक आऊट केला (पॅनेलमधून बाहेर ओढला) तरी त्याची स्प्रिंग चार्ज असेल तर ती बोटं तोडू शकते. वर उचललेली प्रेस, हायड्रॉलिकमधला दाब, लाइनमध्ये अडकलेली वाफ, हवेच्या टाकीतलं प्रेशर, हे सगळं उतरवून, सोडून, टेकू देऊन मगच हात घालायचा.

परमिट म्हणजे कागदी काम, असं म्हणणाऱ्यांनी पायपर अल्फाचा घटनाक्रम नीट समजून घ्यावा. उत्तर समुद्रातला तेल-वायूचा प्लॅटफॉर्म, तारीख 6 जुलै 1988. दोन कंडेन्सेट (वायूतून निघणारं द्रव इंधन) पंपांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होता. त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढलेला होता आणि उघड्या तोंडावर ब्लाइंड फ्लँज (तोंड बंद करणारी तबकडी) बसवलेली होती. पंपाच्या कामाचं एक परमिट, व्हॉल्व्हचं वेगळं. दिवसाची शिफ्ट संपली, व्हॉल्व्ह परत बसवायचा राहिला, आणि ही गोष्ट रात्रीच्या शिफ्टपर्यंत पोहोचलीच नाही. रात्री दुसरा पंप ट्रिप झाला, तो परत सुरू होईना. कंट्रोल रूममधल्यांनी पहिल्या पंपाचं परमिट पाहिलं, पंप चालवण्याजोगा आहे असं त्यांना वाटलं, त्यांनी तो सुरू केला. त्या फ्लँजमधून वायू सुटला. 167 माणसं गेली.

त्या रात्री कुणालाही कामाचं ज्ञान कमी नव्हतं. एका माणसाला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला ठाऊक नव्हती, आणि परमिटचं काम हेच असतं. तुम्ही वीस वर्षांचे अनुभवी असाल, पण दोनशे फूट लांब कंट्रोल रूममध्ये बसलेल्याला तुमचा अनुभव दिसत नाही. त्याला ब्रेकरवरचं कुलूप दिसतं, टॅगवरचं नाव दिसतं. म्हणून कुलूप ज्याचं त्याने स्वतः लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि ते काढायचंही स्वतःच. गँग मोठी असेल तर ग्रुप लॉक बॉक्स (किल्ल्या ठेवायची सामायिक पेटी), आणि त्यावर प्रत्येकाचं वेगळं कुलूप. परमिट जागेवर न जाता टेबलावर बसून सह्या करून दिलं जात असेल, तर ते खरोखरच निरुपयोगी आहे. ती तक्रार रास्त आहे. पण त्यावर उपाय म्हणजे देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनी मिळून जागेवर जाणं. परमिट बंद करून ती तक्रार मिटत नाही.

हेल्मेट-हातमोज्यांबद्दल थोडक्यात. ही साधनं हवीतच, पण संरक्षणाच्या क्रमात ती शेवटी येतात. आधी धोकाच काढून टाका, जमत नसेल तर कमी धोक्याचा पर्याय वापरा, मग गार्ड-इंटरलॉक, मग कामाची पद्धत, आणि सगळं करून उरलेल्या धोक्यासाठी अंगावरची साधनं. चालू पॅनेलमध्ये शॉर्ट होऊन आर्क (हवेतून उडणारी विजेची ज्वाळा) पेटला तर त्याचं तापमान 19,000 अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं. साध्या हेल्मेटचा तिथे काही उपयोग नाही, आणि पॉलिएस्टरचा शर्ट वितळून कातडीला चिकटतो. रबरी हातमोजेही कोणत्या व्होल्टेजचे ते पाहावं लागतं. क्लास 0 चे मोजे 1,000 व्होल्टपर्यंतच चालतात, वर चामड्याचे मोजे लागतात, आणि प्रत्येक वापराआधी त्यांत हवा कोंडून छिद्र आहे का ते बघावं लागतं.

टाक्या, मॅनहोल, बॉयलरचे ड्रम यांत तर सगळी साधनं अंगावर असूनही माणसं मरतात. हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. तो 19.5 च्या खाली गेला की जागा धोक्याची धरतात. नायट्रोजनने पर्ज केलेल्या (आतली हवा हुसकून नायट्रोजन भरलेल्या) टाकीत तो जवळजवळ नसतोच. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही. दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. फिल्टरचा मास्क हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचं प्रमाण 100 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 100 भागांच्या) आसपास गेलं की नाक बधिर होतं. मग वास येत नाहीये म्हणून माणूस निर्धास्त होतो. अशा बंदिस्त जागांतल्या मृत्यूंमध्ये निम्म्याहून अधिक लोक वाचवायला धावलेले होते, असं अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेने 1986 मध्ये नोंदवलं होतं. आपला सहकारी आत पडलेला दिसत असताना बाहेर थांबणं किती अवघड असतं, हे मला समजतं. म्हणूनच गॅस मीटर, बाहेरचा माणूस, हार्नेस आणि ट्रायपॉड यांची तयारी आधीच हवी, म्हणजे आत न उतरता त्याला वर ओढून काढता येतं.

शेवटचा दावा, अपघात नाही म्हणजे सुरक्षित. 20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या प्लॅटफॉर्मवर स्फोट होऊन 11 माणसं गेली. त्याच दिवशी कंपन्यांचे अधिकारी तिथे आले होते, आणि मोठ्या दुखापतीविना सात वर्षं पार पडल्याबद्दल शाबासकी देणं हाही त्या भेटीचा एक हेतू होता. टेक्सास सिटीतही किरकोळ दुखापतींचे आकडे चांगले दिसत होते. पाय घसरणं, बोट कापणं यांच्या नोंदीवरून टाकी फुटणार की नाही ते कळत नाही. त्यातच बोनस ‘शून्य अपघात’ या आकड्याला बांधला, तर लोक लहान दुखापती दडवायला लागतात आणि थोडक्यात हुकलेल्या घटना कुणी सांगतच नाही.

प्रवेशद्वारावर ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक असेल तर त्याशेजारी आणखी काही आकडे रोज लिहिता येतील: आज किती इंटरलॉक बायपास आहेत, किती सेफ्टी व्हॉल्व्हची तपासणी मुदत उलटून गेली, किती अलार्म दाबून ठेवलेत, किती परमिट शिफ्ट बदलताना उघडी राहिली, आणि या आठवड्यात किती जणांनी काम थांबवून ‘हे बरोबर नाही’ असं सांगितलं.