पेज काढा, पण शौचालयाचं नाव काढू नका

स्त्रियांच्या हक्कांसाठी एक ऑनलाइन पेज काढावं असं तुमच्या मनात आहे, हे ऐकून बरं वाटलं. (पेज म्हणजे तापातून उठलेल्याला देतात ती नव्हे. पातळपणात मात्र फार फरक राहणार नाही.) मी अशाच एका ठिकाणी आठ महिने मजकूर पाडलाय, तेव्हा चार गोष्टी हक्काने सांगते.

जागा ठाण्यात घोडबंदर रोडलाच घ्या. नौपाड्यात मुळीच नको. तिथे एखादी निवृत्त शिक्षिका जिना चढून वर येईल, पाणी मागेल आणि "तुम्ही हुंड्याचं काय करता गं?" असं विचारेल. घोडबंदरला मेट्रोच्या कामामुळे कुणी उगाच येत नाही. विसाव्या मजल्यावरून येऊरचा डोंगर दिसतो, खालची माणसं दिसत नाहीत. आपल्या कामाला हे दोन्ही सोयीचं.

मग विषय. एखाद्या नटीने लग्नानंतर आडनाव बदललं तर तीन पोस्ट टाका. नाही बदललं तरी तीनच. दोन्ही आडनावं लावली तर मात्र आठवडाभर बघायला नको. आता आपल्याच राज्यात 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावायचं ठरलंय. एकट्या आईला शाळेच्या खिडकीवर याचा काही उपयोग होतो का, हे बघायला कुणाला पाठवू नका. तिथे रांग असते आणि उजेड कमी असतो.

माझी सगळ्यात गाजलेली पोस्ट एका मंगळसूत्राच्या लांबीवर होती. खोटं कशाला बोलू, मीही खूश होते. संपादकबाईंनी सगळ्यांना मामलेदारची मिसळ खाऊ घातली. तिथून जिल्हाधिकारी कार्यालय चालण्याच्या अंतरावर आहे. त्याचं पुढे सांगते, आधी नाकातलं पाणी पुसू द्या.

मागणी निवडताना फार काळजी घ्या. सॅनिटरी पॅडवर 12 टक्के जीएसटी होता, तो 2018 च्या जुलैत गेला. त्यात अशा पेजवाल्या मंडळींच्या आरडाओरड्याचा वाटा होता, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. पण धंद्याच्या दृष्टीने ती घोडचूकच. मागणी मान्य झाली की विषय मरतो. म्हणून मागणी अशी करावी की जिला कुणी होही म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. 'दृष्टिकोन बदला' ही उत्तम. ती घेऊन कुठल्या खिडकीवर जायचं हे कुणालाच कळत नाही.

पाळीच्या रजेवर जरूर करा, तो विषय छान चालतो. बिहार सरकार 1992 पासून आपल्या महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवस देतं, हे वाक्य गुलाबी पाटीवर उठून दिसतं. आम्हीही केलं होतं. त्याच दिवशी संपादकबाई भिंतीवरच्या कालनिर्णयावर साफसफाईच्या मावशींचे खाडे मोजत होत्या. तीन निघाले. दोन कापले आणि एक 'आपण पण बायकाच आहोत' म्हणून माफ केला.

खाडा हा शब्द तेवढा पेजवर येऊ देऊ नका, तो फार लांब नेतो. ऊसतोडीला जोडप्यालाच कोयता म्हणतात आणि एका खाड्याला मुकादम दंड लावतो. पाळीचं दुखणं म्हणजे खाडा, खाडा म्हणजे दंड, आणि आगाऊ घेतलेली उचल फिटायची राहिलेली. शिवाय गावातला डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो, की झालं. बीड जिल्ह्यातल्या बायकांनी तिशीतच गर्भपिशव्या काढून टाकल्याचं 2019 मध्ये गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. आम्ही यावर एक पोस्ट केली होती. काळी पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं, 'आम्ही सुन्न आहोत'. दुसऱ्या दिवशी विमानतळावर कुणीतरी बिनमेकअपची दिसली आणि सुन्नपणा उतरला. तुम्हीही एवढंच करा. बीडला जायचं म्हणजे रात्रभराची एसटी आणि सकाळी मुकादमाशी बोलणं. मुकादमाचे फोटो चांगले येत नाहीत.

आता नोकरभरती. इथे नीट लक्ष द्या, कारण इथे पैसे वाचतात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की तक्रारी ऐकायला अंतर्गत समिती नेमावी लागते. बाहेरची एक सदस्य आणावी लागते, तिला प्रवासभाडं द्यावं लागतं. म्हणून आमच्याकडे नऊजणी होत्या. दहाव्या मावशी. पण त्या एजन्सीच्या, सबब मोजायच्या नाहीत. कायद्यात कंत्राटी, रोजंदारी, एजन्सीमार्फत आलेली अशी सगळीच माणसं धरली आहेत. पण कायदा वाचायचा कुणी? आपण त्यावर पोस्ट टाकतो ना!

दहापेक्षा कमी माणसं असली किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असली, तर जायचं कुठे? जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. घरकाम करणारीलाही तेच दार आहे. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने तिची तक्रार सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची, असं त्याच कायद्यात आहे. ही समिती ठाण्यात कुठे बसते, अर्ज कुणाच्या हातात द्यायचा, हे विचारून यावं असं मी मिसळीच्या टेबलावर सुचवलं होतं. सगळ्याजणी माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी कटाऐवजी दही मागितलं. "यात गोष्ट काय आहे?" संपादकबाई म्हणाल्या. खरंच होतं. पत्ता होता, वेळ होती, गोष्ट नव्हती. म्हणून सांगते, पत्ते छापू नका. वाचक उठून जातो तिथे आणि पेजवरून उतरतो.

राहिला 8 मार्च. त्याची तयारी फेब्रुवारीतच करा, केक मिळत नाही. आमच्याकडे त्या दिवशी रील होतं. नऊजणींनी एकेक पाटी धरायची आणि शेवटी मावशींच्या हातात मोठी पाटी द्यायची, 'माझं शरीर, माझा हक्क'. मावशी मानपाड्याहून सकाळी साडेसहाला निघायच्या. आधी खालच्या मजल्यांवरची चार घरं, मग आमचं ऑफिस. पाटी त्यांनी उलटी धरली. ती सरळ केली. मग दिवा हलला. मग कुणाच्या तरी केसांचं काही निघालं. चौथ्या वेळी मावशी हळूच म्हणाल्या, "ताई, अजून किती वेळ? मला खाली जाऊन यायचंय."

खाली, कारण ऑफिसच्या शौचालयावर 'फक्त स्टाफसाठी' अशी चिठ्ठी होती. आत आरशावर, पाटीवर होतं तेच वाक्य गोल अक्षरात चिकटवलेलं. तो आरसा मावशीच पुसायच्या, कमोडही त्याच घासायच्या. पण त्या एजन्सीच्या, स्टाफ नव्हेत, हे आपण वर पाहिलंच. बिल्डिंगमध्ये कामवाल्या आणि ड्रायव्हर सगळ्यांना मिळून एकच, दुसऱ्या तळघरात पंपाशेजारी. त्याला कुलूप. वर यायला त्यांना सर्व्हिस लिफ्टच घ्यावी लागायची आणि ती त्या दिवशी कुणाच्या तरी सोफ्यात अडकली होती.

"दोन मिनिटं, मावशी. फक्त हसा थोडं," संपादकबाई म्हणाल्या.

मावशी हसल्या. फार छान आलं ते रील. तुम्ही बघितलंही असेल, शेवटी त्या पाटी ठेवून फ्रेमबाहेर जवळजवळ पळतच जातात. खाली कमेंटमध्ये सगळ्यांनी लिहिलं होतं, काय ही ऊर्जा!

कुलपाची चावी वॉचमनकडे असते. वॉचमन चहाला गेला होता.