एल डोराडोची दंतकथा उधारीवर जगली

खजिन्याच्या व्हिडिओंचा सध्या सुकाळ आहे आणि त्यात एल डोराडो हटकून असतं. घनदाट जंगल, धुकं, दाढीवाले स्पॅनिश शूरवीर आणि कुठेतरी दडलेलं सोन्याचं शहर. मराठीतही असे व्हिडिओ आता भरपूर झालेत. खाली प्रतिक्रियांमध्ये लोक विचारत असतात, "मग शेवटी सापडलं का?" मला हा प्रश्नच खटकतो. असं शहर नव्हतंच, हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे. तरीही गोष्ट आपण अजून त्या स्पॅनिश लोकांच्या बाजूनेच सांगतो. बिचारे सोन्याच्या वेडाने झपाटले, जंगलात भरकटले आणि मेले, अशी. माझं मत वेगळं आहे. ही माणसं कर्जात होती, आणि जवळजवळ चारशे वर्षं ही दंतकथा टिकली ती उधारीच्या जोरावर.

गोन्झालो हिमेनेझ दे केसादा हा स्पॅनिश मोहिमांतला सेनापती, पेशाने वकील. एप्रिल 1536 मध्ये तो आजच्या कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या सांता मार्ताहून निघून मॅग्दालेना नदीच्या कडेने आत शिरला, तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे 800 माणसं होती. ताप, उपासमार, मगरी आणि बाण यांतून वाचून अँडीजच्या पठारावर पोचलेले 200 सुद्धा नव्हते. अशा मोहिमांत सैनिकाला पगार नसायचा. सगळा मामला भागीदारीचा. लुटीतला पाचवा भाग राजाचा. उरलेल्यात पायदळातल्या माणसाला एक हिस्सा, घोडेस्वाराला दोन, सेनापतीचे कितीतरी. घोडा, तलवार, पादत्राणं ज्याची त्याने आणायची, आणि अनेकांनी ती उधारीवर घेतलेली असायची. पठारावरच्या मुइस्का लोकांकडे केसादाला खरोखर सोनं मिळालं, 1,800 च्या वर पाचूही मिळाले. 1538 मध्ये वाटणी झाली. वरचे मोठे हिस्से गेल्यावर साध्या शिपायाच्या वाट्याला काय उरणार? कर्ज काढून इतक्या लांब आलेल्या माणसाला "सोनं संपलं" हे वाक्य परवडत नाही. "अजून पुढे आहे" हेच परवडतं.

आणि हे फक्त शिपायांचं नव्हतं. 1528 मध्ये स्पेनचा राजा पाचव्या चार्ल्सने आजचा व्हेनेझुएला जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या वेल्झर या सावकारी घराण्याच्या हाती सोपवला, कारण राजा स्वतःच त्यांचा ऋणको होता. वेल्झरांचा माणूस निकोलाउस फेडरमान पूर्वेकडून डोंगर चढून आला. दक्षिणेकडच्या कीतोहून (आजच्या इक्वादोरची राजधानी) दुसरा स्पॅनिश सेनानी सेबास्तियान दे बेलालकासार आला. 1539 मध्ये हे दोघे आणि केसादा बोगोटाच्या पठारावर समोरासमोर उभे राहिले. लढाई झाली नाही. तिघेही बोटीत बसले आणि आपापला दावा घेऊन युरोपला गेले. व्हिडिओत हा प्रसंग कधी येत नाही. मला तर सगळी गोष्ट त्यातच दिसते.

मुइस्कांचं काय झालं, तेही नावानिशी सांगायला हवं. त्यांचा राजा तिस्केसुसा मारला गेला. त्याने खजिना लपवलाय अशी स्पॅनिश लोकांची खात्री होती. त्याच्यानंतर गादीवर आलेल्या सागिपाला त्यांनी पकडलं, त्याच्यावर रीतसर कागदोपत्री खटला चालवला आणि खजिन्याचा पत्ता काढण्यासाठी त्याचा छळ केला. त्या छळातच तो मेला. लपवलेला खजिना कुणालाही मिळाला नाही.

अशा छळातून माहिती कशी निघते, याचा अगदी स्वच्छ दाखला 1541 चा आहे. गोन्झालो पिझारो हा स्पॅनिश सेनानी दालचिनी आणि सोनं शोधत कीतोहून जंगलात उतरला. वाटेत भेटणाऱ्यांना तो पुढच्या श्रीमंत मुलखाबद्दल विचारायचा. "माहीत नाही" म्हणणाऱ्याला तो जाळायचा, नाहीतर कुत्र्यांपुढे टाकायचा. देलिकोला नावाच्या एका सरदाराच्या कानावर हे आलं. त्याने पिझारोला हवं तेच सांगितलं: पुढे मोठी वस्ती आहे, बलाढ्य राजे आहेत, जा. अशी उत्तरं मग पुराव्यासारखी वहीत चढतात. गुप्तधनाच्या नादात किती क्रूर गोष्टी होतात हे आपल्याला वेगळं सांगायला नको. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याची दखल घ्यावी लागली आहे.

आता त्या सोन्याबद्दल. बोगोटाच्या ईशान्येला, समुद्रसपाटीपासून सुमारे 3,000 मीटरवर ग्वाताविता नावाचं लहानसं, जवळजवळ गोल तळं आहे. हुआन रोड्रिगेझ फ्रेय्ले याने 1636 मध्ये तिथला विधी लिहून ठेवला. नवा राजा गादीवर येताना त्याच्या अंगाला सोन्याची भुकटी लावायची, त्याला तराफ्यावर बसवून तळ्याच्या मध्यावर न्यायचं आणि तिथे सोनं नि पाचू पाण्यात अर्पण करायचे. 'एल डोराडो' म्हणजे मुळात 'सोनेरी माणूस', तो हाच. पुढे त्याचं शहर झालं, मग राज्य झालं. मुइस्कांच्या प्रदेशात सोन्याच्या खाणी जवळपास नव्हत्याच. त्यांच्याकडे झिपाकिराचं मीठ होतं, पाचू होते, सुती कापड होतं. ते देऊन ते शेजाऱ्यांकडून सोनं आणायचे, त्यात तांबं मिसळायचे, मेणाचा नमुना करून छोट्या मूर्ती ओतायचे आणि त्या देवाला वाहायचे. मीठ विकून आणलेलं सोनं पाण्यात सोडणारा हा समाज! सोनं साठवायचं असतं, हा हिशोब त्यांच्यावर बाहेरून लादला गेला.

तो हिशोब तळ्यापर्यंत पोचलाच. 1545 च्या सुमारास केसादाच्या भावाने माणसांची रांग लावून भोपळ्याच्या भांड्यांनी तळं उपसायला घेतलं. काही महिन्यांत पाणी तीनेक मीटर उतरलं, काठाजवळचं थोडं सोनं मिळालं. 1580 च्या दशकात बोगोटाचा व्यापारी अंतोनियो दे सेपुल्वेदा याने काठाचा डोंगरच कापला. पाणी सुमारे 20 मीटर खाली गेलं, मग ती कापलेली दरड कोसळली आणि कितीतरी मजूर गाडले गेले. ते कोण होते, कुठल्या गावचे होते, कुणी लिहून ठेवलं नाही. डोंगराच्या कडेला पडलेली ती खाच मात्र आजही दिसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भागभांडवल गोळा करून आलेल्या एका इंग्रज कंपनीने बोगदा खणून तळं पूर्ण रिकामं केलं. तळाशी चिखल होता. उन्हाने तो सिमेंटसारखा घट्ट झाला, वाट बुजली, तळं पुन्हा भरलं. हाती आलेला माल जेमतेम 500 पौंडांचा होता. वेल्झर असोत की लंडनचे भागधारक, धंद्याची तऱ्हा तीच. 1965 मध्ये कोलंबिया सरकारने तळ्याला संरक्षण दिलं, तेव्हा कुठे हे थांबलं.

एल डोराडोच्या मागे लागलेल्या वॉल्टर रॅले या इंग्रजाबद्दल फार लिहीत नाही. 1595 मध्ये तो दक्षिण अमेरिकेतल्या गयानात मानोआ हे सोन्याचं म्हणून सांगितलं जाणारं शहर शोधायला गेला, 1617 ला तुरुंगातून सुटून पुन्हा गेला, तिथे मुलगा गमावला आणि 1618 मध्ये लंडनला त्याचं डोकं उडवलं गेलं. त्याच्या कहाणीवर भरपूर लिहिलं गेलंय. सागिपावर किती?

बोगोटाच्या सुवर्ण संग्रहालयात एक सोन्याचा तराफा आहे, त्याचे फोटो जरूर मोठे करून बघा. लांबी जेमतेम वीतभर. 1969 मध्ये पास्का गावाजवळच्या एका गुहेत, मातीच्या भांड्यात तो शेतकऱ्यांना सापडला. मध्यभागी राजा, सगळ्यांहून मोठा. भोवती छोटी माणसं, पुढच्या दोघांच्या हातात खुळखुळे, काठाशी वल्हेकरी. धातूची तार वाटावी इतक्या बारीक रेषांनी सगळं घडवलंय. आणि मुइस्कांच्या अशा वस्तूंना चकाकी दिलेली नसते. ओतकामानंतरचा खडबडीतपणा तसाच ठेवलेला असतो, कारण त्या मिरवायच्या नसतात, वाहायच्या असतात. अशा हजारो वस्तू वितळवून त्यांच्या विटा केल्या गेल्या. केसादाच्या लोकांनी जे 'मिळवलं' त्याचं पुढे हेच झालं.

पाचूंचा प्रवास तर थेट आपल्यापर्यंत येतो. कोलंबियातल्या मुझोच्या खाणींतले पाचू स्पेनला गेले, तिथून पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या हातून गोव्यात आले आणि गोव्यातून मुघल दरबारात. ज्या कोरीव मुघल पाचूंचे फोटो आपण कौतुकाने शेअर करतो, त्यांतले बरेचसे तिथले आहेत. त्या खाणींत सक्तीने राबवलेल्या मुझो लोकांच्या पिढ्या खपल्या. फोटोखाली एवढं एक वाक्य लिहायला काय हरकत आहे?

हे सोनं कुणाचं, हा वाद अजून मिटलेला नाही. 1893 मध्ये कोलंबिया सरकारने किम्बाया या तिथल्या मूळ लोकांच्या सोन्याच्या 122 वस्तू स्पेनच्या राणीला भेट दिल्या. त्या आज माद्रिदमध्ये आहेत. 2017 मध्ये कोलंबियाच्या घटनात्मक न्यायालयाने त्या परत मिळवण्यासाठी प्रयत्न करण्याचा आदेश सरकारला दिला. भेट रीतसर होती हे मला मान्य आहे. पण ज्यांनी त्या वस्तू घडवून आपल्या मृतांबरोबर पुरल्या, त्या लोकांना 1893 मध्ये कुणी विचारलं नव्हतं. माझ्या मते स्पेनने त्या परत कराव्यात, सगळ्या 122.

(पोस्ट शेअर करायला विचारायची गरज नाही. फक्त सागिपाचं नाव कापू नका.)