‘पाना धरलाय का कधी?’ – कॉम्पेन्सेटरवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

हार्ले मोटरसायकलच्या कॉम्पेन्सेटरवर, म्हणजे इंजिनाच्या ठोक्यांचा धक्का स्प्रिंगांवर जिरवणाऱ्या दातेरी चाकावर, मी लिहिलं होतं, त्याखाली ‘घाटवाला’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. सगळ्यांनी ती वाचली असेलच असं नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. त्यांचं म्हणणं असं की कॉम्पेन्सेटर झिजला की नव्यात पैसे घालण्यापेक्षा नाशिकच्या अंबडला लेथवर सॉलिड, म्हणजे बिनस्प्रिंगचं पक्कं, स्प्रॉकेट (दातेरी चाक) करून घ्यावं, त्यांच्या मित्राची गाडी तशीच मजेत पळते आहे. मी लोकांना महागड्या बाहेरच्या पार्टांच्या नादी लावतो. किंमत लिहिलेली नाही, फोटोत काही दिसत नाही. आणि शेवटी हे वाक्य: ‘हातात कधी पाना धरलाय का, की नुसतं खुर्चीत बसून लिहिता?’

फोटोचं मान्य. ट्यूबलाइटच्या उजेडात काढला होता, झिजेची कड त्यात दिसत नव्हती. तो काढून दुसरा टाकला आहे.

आता पान्याचं.

अहो, तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. माझा मुद्दा खोडायचा तर खुशाल खोडा, त्यासाठीच खाली जागा ठेवली आहे. पण माणसाने आयुष्यभर काय केलं हे माहीत नसताना थेट त्याच्या हातांवर घसरायचं, ही कुठली पद्धत? स्वतःचं नाव न लिहिता दुसऱ्याची लायकी काढणं सोपं असतं. समोर बसून हेच बोलला असता का?

विचारलंच आहे तर ऐका. डिप्लोमा झाल्यावर मी अंबडला गियरच्या शॉपमध्ये लागलो. आधी हॉबिंगला (गियरचे दात पाडायला), मग हीट ट्रीटमेंटला, आणि उमेदीची वर्षं तिथेच गेली. केस हार्डनिंग होऊन, म्हणजे वरचा थर कडक होऊन, आलेल्या दातावर कानस फिरवायची, ती घसरली तर माल पुढे, चावली तर बाजूला, हे काम मी केलं आहे. मशिनवर आकडा नंतर यायचा, हाताला आधी कळायचं. मोटरसायकली तर त्याच्याही आधीपासून. कॉलेजात असताना काकांच्या बुलेटचे मागच्या हबचे रबर मीच बदलायचो आणि आज माझ्या हार्लेची प्रायमरी (इंजिनापासून क्लचपर्यंतच्या चेनचं घर) मी घरीच, स्वतःच्या हाताने उघडतो. कॉम्पेन्सेटरचा बोल्ट सरळ आट्यांचा आणि क्लच हबचा नट उलट्या आट्यांचा असतो. चेन अखंड असल्यामुळे दोन्ही एकदमच बाहेर काढावे लागतात. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची असते. खुर्चीत बसून हे हाताला लागत नाही साहेब.

म्हणूनच ‘लेथवर करून घ्या’ हे वाचलं की माझं डोकं फिरतं. आपल्याकडचे टर्नर उत्तम आहेत, त्यांच्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. पण टर्नर आकार देतो. तो तुकडा कुठल्या स्टीलचा आहे, त्यावर कडक थर किती खोल गेला आणि आतला गाभा चिवट राहिला का, हे लेथवर ठरत नाही. गियरला २० एमएनसीआर ५ किंवा ईएन ३५३ जातीचं स्टील घेतात, कार्बुरायझिंग करतात (वरच्या थरात कार्बन मुरवतात) आणि तो थर ५८ ते ६२ एचआरसीपर्यंत नेतात; एचआरसी हे कडकपणाचं माप. रॅकवर पडलेला साधा ईएन ८ स्टीलचा बार उचलून दात पाडले तर पहिल्या दिवशी तोही तितकाच छान दिसतो.

ही झाली मालाची गोष्ट. माल अगदी पहिल्या दर्जाचा वापरला, तरी सॉलिडला माझा विरोधच राहील. कॉम्पेन्सेटर क्रँकच्या टोकावर बसतो. तिथून प्रायमरी चेन, क्लच, गिअरबॉक्स आणि बेल्ट. हार्लेचं इंजिन ४५ अंशांचं व्ही-ट्विन, दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर. त्यामुळे ठोके समान अंतराने पडत नाहीत. एक ३१५ अंशांनी, पुढचा ४०५ अंशांनी. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर ओढताना साखळी ढिली ठेवून झटका दिला की जे तुटायचं ते तुटतं, आधी ताण घेऊन मग ओढलं तर निघतो. तो ताण घेण्याचं काम इथे कॉम्पेन्सेटर करतो. ठोका आला की स्प्रॉकेट आणि कॅम एकमेकांच्या उतारांवर चढतात, मागच्या चकतीसारख्या स्प्रिंगा दबतात आणि धक्का त्यात जिरतो. तुम्ही ती जागा वेल्ड केल्यासारखी पक्की केलीत, तर तो धक्का जाणार कुठे? हार्लेच्या ट्विन कॅम इंजिनाचा क्रँक एकसंध फोर्जिंगचा नाही, दोन फ्लायव्हील पिनवर प्रेसने बसवलेले असतात. जोराच्या धक्क्यांनी ते एकमेकांच्या तुलनेत फिरतात, क्रँकचा रनआउट (फिरतानाचं डगमगणं) वाढतो, आणि मग वाचवलेले पैसे कुठल्या कुठे जातात. ड्रॅग रेसवाले सॉलिड वापरतात, खरं आहे. पण ते इंजिन पुन्हा पुन्हा उघडतात. त्यांना मुंबई करून रात्री घरी यायचं नसतं.

मित्राची गाडी पळते म्हणता. पळेलच. क्रँक सरकायला लागला की पहिल्याच दिवशी सांगत नाही.

नव्या फोटोत काय बघायचं ते इथे लिहितो, कारण प्रतिक्रियेपेक्षा याचा उपयोग जास्त आहे. कॅमच्या उतारावर, जिथे स्प्रॉकेटचा उंचवटा टेकतो, तिथे चकचकीत अर्धचंद्र दिसतो. नुसती चकाकी असेल तर काळजी नाही. त्यावरून नख फिरवा. नख अडलं तर पायरी पडली आहे, पार्ट संपला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा, मऊ लगदा असणं नेहमीचंच, बोटांत चुरून टोचणाऱ्या चिपा लागल्या तर प्रायमरी उघडायलाच हवी. तो चुरा मागे अल्टरनेटरच्या रोटरच्या चुंबकांनाही चिकटतो.

आणि उघडण्याआधी बॅटरी तपासा. बॅटरी मंद असली की इंजिन कॉम्प्रेशनवर अडकून उलटा झटका मारतं आणि स्टार्टला जो ‘ठण्ण’ आवाज येतो तो ऐकून लोक कॉम्पेन्सेटरला दोष देतात. २००७ पासूनच्या बिग ट्विनमध्ये (हार्लेच्या मोठ्या इंजिनाच्या गाड्यांत) चेनचा ऑटोमॅटिक टेन्शनर आहे. तो दात-दात पुढे सरकतो, मागे येत नाही. कधी चेन नको इतकी ताणतो, त्याचाही आवाज येतो. हे सगळं मूळ लेखात होतं. पण ‘पार्ट विकायला लिहिलं’ असं ठरवूनच वाचलं तर ते दिसत नाही.

बाहेरच्या पार्टांच्या नादी लावतो म्हणे. मी दोन नावं घेतली होती. एक हार्लेचा स्वतःचा स्क्रीमिन ईगल, म्हणजे तो बाहेरचाही नाही. दुसरा अमेरिकेतल्या मिशिगनच्या बेकर कंपनीचा. दोन्हींत धक्का जिरवायची सोय शाबूत आहे, म्हणून घेतली. तुमचा सॉलिड तीच सोय काढून टाकतो, आणि व्यापारी मी?

किमतीचं म्हणाल तर डॉलर, ड्यूटी आणि कुरिअर यांवर ती रोज हलते. २०२० मध्ये कंपनीने इथला आपला कारभार आवरून हिरो मोटोकॉर्पशी करार केला, तेव्हापासून पार्टाची चौकशी डीलरकडेच करावी. मी आकडा लिहिला असता तर तो चुकीचा म्हणून तुम्हीच पुन्हा आला असता.

राहिला घाट, तुमच्या नावातच आहे म्हणून. समृद्धीवर दुचाकीला बंदी, त्यामुळे मुंबईहून येताना कसारा चढावाच लागतो. ट्रकच्या मागे सहाव्या गियरमध्ये, २००० आरपीएमच्या खाली, इंजिन कण्हत असताना थ्रॉटल पिळणं हे कॉम्पेन्सेटरला सगळ्यात जास्त मारतं. गियर उतरवा. फुकट आहे.

मित्राला घेऊन रविवारी सकाळी या. मेसेज टाका, पत्ता पाठवतो. त्यांच्या गाडीची प्रायमरी मी उघडतो, डायल लावून क्रँकचा रनआउट तुमच्यासमोर बघू. गॅस्केट तेवढं नवं घेऊन या.